घर आणि बागेतली काटकसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरखर्चाची एक वही आणि बागेची एक वही, अशा दोन वह्या मी बरीच वर्षं लिहीत आले आहे. त्याबद्दल लोक विचारतात, आणि फिरून फिरून बहुतेक तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, अडचणीचे आणि अपवादांचे शेवटाकडे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काटकसर करायची आहे, पण सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. पहिला महिना कुठलीही सवय बदलू नका, फक्त लिहा. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा रोज ठरलेल्या वेळी टिपा. गॅस किंवा इंधन कधी आणलं आणि कधी संपलं ते लिहा. कचऱ्यात काय गेलं तेही लिहा, विशेषतः न खाता टाकलेलं अन्न. महिन्याअखेरीस वहीत एक-दोन मोठी भगदाडं हमखास दिसतात आणि ती आपल्याला वाटत होती तिथे नसतात. लोक कागदाच्या पाठकोऱ्या बाजू जपतात आणि गिझर दिवसभर चालू ठेवतात. ‘दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा’ म्हणतात ते हेच. आधी दरवाजा बंद करू, मोरीचं नंतर बघू.

२. काटकसर आणि चिकटपणा यात फरक काय?

काटकसरीत वाया जाणारं वाचतं, चिकटपणात लागणारं तोडलं जातं. गळका नळ दुरुस्त केल्याने कुणाचंच काही कमी होत नाही. आजारी माणसाच्या खोलीतला पंखा बंद केला, तर कमी होतं. घरात वाद झाला की मी एवढंच विचारते: या बचतीची किंमत कोण मोजतंय?

३. वीजबिलात सगळ्यात मोठा वाटा कशाचा असतो?

बहुतेक घरांत तापवणाऱ्या आणि गार करणाऱ्या उपकरणांचा. गिझर, हीटर, एसी, इस्त्री, ओव्हन, फ्रिज ही ती मंडळी. उजेड आणि आवाज देणारी उपकरणं त्यामानाने फारच कमी वीज घेतात.

एक हिशेब करून बघा. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास ०.७ युनिट. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ७७ तास चालतो. त्यामुळे ‘दिवा बंद कर’ म्हणून दिवसभर ओरडण्यापेक्षा अंघोळीचं पाणी थोडं कमी कडक घेतलं तर बिलावर जास्त फरक पडतो. दिवाही बंद करावाच, पण कुठली गोष्ट केवढी आहे याचं भान असावं.

कुठलंही उपकरण किती वीज घेतं ते काढायची रीत सोपी आहे. त्यावर लिहिलेले वॅट गुणिले रोजचे तास, भागिले १०००, की रोजचे युनिट मिळाले. फ्रिज आणि एसी मात्र मधूनमधून आपोआप थांबतात. त्यांच्यासाठी प्लगला लावायचा छोटा मीटर किंवा घरातलं बाकी सगळं बंद करून घेतलेलं मुख्य मीटरचं रीडिंग जास्त खरं सांगतं.

४. जुना दिवा किंवा पंखा चालू असताना बदलावा का? ती उधळपट्टी नाही का?

उपकरण कुठलं आणि रोज किती तास चालतं यावर ते ठरतं. तारेचा ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लागत असेल, तर त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावल्यावर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. तो आजच बदला. माळ्यावरचा बल्ब महिन्यातून दोनदा लागतो, त्याला हात लावू नका. जाईल तेव्हा बदलू.

पंख्याचंही तसंच. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा (म्हणजे आत ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. रोज १० तास चालणाऱ्या पंख्यात हा फरक वर्षाला सुमारे १६४ युनिटांवर जातो. नव्या वस्तूची किंमत भागिले वर्षाची बचत, असा भागाकार केला की पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळतं. तीन वर्षांच्या आत होत असतील तर मी घेते. दहा वर्षं लागणार असतील तर जुनं मोडेपर्यंत थांबते.

आणि पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

५. टीव्ही, चार्जर नुसते प्लगमध्ये ठेवले तर खरंच वीज जाते का?

जाते. लक्षात ठेवायला एकच आकडा पुरतो: वर्षभर अखंड चालणारा १ वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. नुसता टांगलेला मोबाइलचा चार्जर बहुधा त्याहूनही कमी घेतो, त्याची काळजी सोडा. सेट टॉप बॉक्स, जुना साउंड सिस्टिम, गेमचं यंत्र, कायम चालू असलेला प्रिंटर यांच्याकडे बघा. ही सगळी एका एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की रात्री एकच बटण बंद करायचं.

६. गिझर सतत चालू ठेवणं स्वस्त पडतं, असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

नाही. टाकीतलं गरम पाणी सतत उष्णता गमावत असतं. ती भरून काढायला गिझर दिवसभर थोडी थोडी वीज घेतो. बंद ठेवून लागेल त्याआधी चालू केला, तर ही मधली गळती टळते. ‘पुन्हा तापवायला जास्त वीज लागते’ हा समज चुकीचा आहे. पाणी जितका जास्त वेळ गरम राहील तितकी जास्त उष्णता बाहेर जाणार.

एक अपवाद मात्र पाळा. बचतीसाठी टाकीच्या गिझरचं तापमान कायमचं ४० अंशांवर आणून ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. म्हणून साठवणीच्या टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत तापवून, वापरताना गार पाणी मिसळून घ्यावं. टाकी नसलेल्या, लगेच पाणी तापवणाऱ्या गिझरला हे लागू नाही.

७. फ्रिजची वीज कशी कमी करू?

आतलं तापमान ४ अंश आणि फ्रीझरचं उणे १८ पुरतं. त्याहून गार करून काही मिळत नाही. मागची भिंत आणि फ्रिज यांच्यात हवा खेळती ठेवा, मागच्या जाळीवरची धूळ वर्षातून दोनदा झाडा, गरम भांडं वाफ गेल्यावर आत ठेवा. पण ‘गार होऊ दे’ म्हणत शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नका. विजेपेक्षा पोट महाग पडतं.

दाराचं रबर तपासायला एक कागद अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून गारवा निसटतोय. आधी कोमट साबणपाण्याने रबर पुसून बघा, पुष्कळदा चिकटलेली घाणच कारण असते.

८. स्वयंपाकाचं इंधन कसं वाचवायचं?

झाकण ठेवा आणि उकळी आली की आच मंद करा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. आच मोठी ठेवली तर पाणी जास्त गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, म्हणून शिजायला कमी वेळ लागतो. शिट्टी येऊ लागल्यावर तिथेही आच बारीकच हवी. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर डोकावत असेल, तर तेवढं इंधन हवेत जातंय. कठीण दाणे रात्रभर भिजवले की शिजण्याचा वेळ बराच उतरतो. ओव्हनचं दार ‘झालं का बघू’ म्हणून सारखं उघडू नका, काचेतून बघा.

९. नळ थेंब थेंब गळतो. एवढ्याशा थेंबाने काय होतंय?

सेकंदाला एक थेंब धरा. दिवसात ८६,४०० सेकंद. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तरी दिवसाला ४ लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पाणी जातं. नळाचे थेंब याहून मोठे असतात, त्यामुळे खरा आकडा जास्तच निघतो. खालती भांडं ठेवून तासभर मोजा आणि २४ ने गुणा, म्हणजे तुमच्या नळाचा आकडा कळेल. स्क्रूच्या जुन्या नळात बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. पाण्याचा मागचा कॉक बंद करून तो घरीही बदलता येतो.

खरा चोर मात्र फ्लशची टाकी. तिथली गळती आवाज करत नाही. टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गळतेय. आमच्या घरी ही गळती काही महिने कुणाच्याच लक्षात आली नव्हती. रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर पाण्याच्या मीटरचा आकडा टिपला, रात्रभर कुणी पाणी वापरलं नव्हतं तरी तो पुढे सरकलेला होता, तेव्हा कुठे शोध सुरू केला. ही रात्रीची तपासणी प्रत्येकाने वर्षातून दोनदा करावी असं मला मनापासून वाटतं.

१०. पावसाचं पाणी बागेसाठी साठवणं परवडतं का?

पाण्याचा हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ४० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली तर ४०० लिटर, त्यातलं थोडं उडून-सांडून जातं. म्हणजे एक पिंप एका सरीतच भरतं. परवडणं पिंपाच्या किमतीवर आहे. पन्हळ आधीच असेल आणि जुनं स्वच्छ पिंप मिळालं, तर जरूर करा. सगळं नवं विकत आणून फक्त चार कुंड्यांना पाणी घालायचं असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात छपराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पिंपावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवीच. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. हे पाणी झाडांना उत्तम, पण शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

११. कपडे धुण्यात काय वाचतं?

गार पाणी, पूर्ण भरलेलं यंत्र आणि मोजून घातलेली पावडर. गरम पाण्याने धुताना बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते (हिशेब प्रश्न ३ मध्ये). आजारी माणसाचे कपडे आणि तान्ह्या बाळाचे लंगोट याला अपवाद, ते गरम पाण्यातच धुवा. पावडर जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस कपड्यात राहतो आणि ते कडक होतात. टॉवेलला सॉफ्टनर लावू नका, त्याने टॉवेल पाणी कमी टिपतो. वाळवायला दोरी आणि वारा पुरतात. गडद कपडे उलटे करून सावलीत वाळवले की रंग टिकतो.

१२. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळून सगळं साफ होतं म्हणतात. खरं का?

दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळे. व्हिनेगर आम्ल आहे, त्याने नळावरचे क्षारांचे पांढरे डाग निघतात. सोडा अल्कली आहे, तो हलका घासायला आणि वास शोषायला चांगला. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना मारतात. फसफसून वायू निघतो आणि मागे मुख्यतः खारट पाणी उरतं. ती फसफस बघायला छान वाटते, पण तुंबलेल्या पाइपला त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे रबरी पंप किंवा तार जास्त काम करते.

संगमरवरासारख्या दगडाला व्हिनेगर लावू नका, चकाकी कायमची जाते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करण्याचं आम्ल किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

१३. घाऊक घेतलं की स्वस्तच पडतं ना?

संपलं तर. मोठ्या पुड्याचा दर ग्रॅमावर किंवा लिटरवर काढून लहान पुड्याशी ताडून बघा, कधीकधी मोठाच महाग निघतो. दुसरं म्हणजे, जास्त साठा असला की हात सैल सुटतो, साबण काय नि तेल काय. माझा नियम असा की न बिघडणाऱ्या आणि ठरलेल्या वेगाने संपणाऱ्या वस्तूच घाऊक घ्यायच्या. नवा पुडा कायम मागे ठेवा, जुना पुढे.

१४. कंपोस्ट करून बघितलं, वास सुटला आणि अळ्या झाल्या. काय चुकलं?

सुकं कमी पडलं. ओला कचरा, म्हणजे सालं, भाजीची देठं, हिरवं गवत, यात नायट्रोजन भरपूर असतो. सुका पाचोळा, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा यात कार्बन. आकारमानाने एक वाटी ओल्याला दोन ते तीन वाट्या सुकं घाला. दर वेळी ओलं टाकलं की वर सुक्याचं पांघरूण घाला, म्हणजे माश्या अंडी घालत नाहीत. मूठभर खत पिळलं तर स्पंजासारखं ओलसर लागावं, पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा वरखाली करा, हवा मिळाली की कुजका वास जातो. अळ्या दिसल्या म्हणून फेकून देऊ नका. त्या घाण वाटल्या तरी कचराच खात असतात, सुकं वाढवलं की कमी होतात.

मांस, मासे, तेलकट उरलंसुरलं, दूध आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा टाकू नका. रोग पडलेलं झाडही नाही, घरगुती ढीग रोगाचे जंतू मरण्याइतका तापेलच असं नसतं. उबदार हवेत, ढीग नीट हलवत राहिलात तर तीन-चार महिन्यांत खत होतं. थंडीत जास्त लागतात.

१५. मग अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, केळ्याची सालं थेट कुंडीत टाकली तर?

टरफलांचे तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच राहतात, पीठ करून घातलं तर हळूहळू विरघळतात. कॉफीचा चोथा जाड थराने पसरला की घट्ट पापुद्रा होऊन पाणी अडतं, कोवळ्या रोपांनाही तो मानवत नाही. केळ्याची सालं भिजवलेल्या पाण्यात झाडाला पुरेसं फार थोडं उतरतं आणि चिलटं मात्र जमतात. तिन्ही गोष्टींची योग्य जागा कंपोस्टचा डबा (प्रश्न १४). टोमॅटोचं बूड काळं पडलं तर टरफलं किंवा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचा क्षार) घालू नका. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच, पाणी कधी जास्त कधी कमी मिळाल्याने ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा.

१६. बागेचं पाणी कसं वाचवू? भांडी-कपड्यांचं पाणी चालेल का?

रोज थोडं शिंपडण्यापेक्षा, मातीत बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं की खोलवर पाणी द्या. वरवरच्या पाण्याने मुळंही वरच राहतात आणि उन्हात पहिली तीच सुकतात. वेळ पहाटेची. मातीवर पाचोळ्याचं ५ ते ८ सेंटीमीटर आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं दूर. एवढ्या एका गोष्टीने माझ्या बागेच्या वहीतला पाण्याचा रकाना सगळ्यात जास्त उतरला. तणही त्याने दबतं.

भाज्या, फळं, धान्य धुतलेलं पाणी निःशंक वापरा, त्याच दिवशी. साबणाचं पाणी जपून: ब्लीच आणि बोरॅक्सचं अजिबात नको, कच्च्या खायच्या पालेभाज्या आणि कंदांना नको, कुंड्यांना नको कारण क्षार तिथेच साठतात. जमिनीतल्या मोठ्या झाडांना, जागा बदलत, मधूनमधून साधं पाणी देत चालेल. असं पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका, सडतं. मीठ घालून पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल, तर ते पाणी झाडांना देऊच नका.

१७. स्वतःच बी धरलं तर दरवर्षी बियाण्याचा खर्च वाचेल का?

वाचेल, पण सगळ्या झाडांचं जमणार नाही. घेवडा, वाटाणा, टोमॅटो, सॅलड ही बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यांचं बी आईसारखं निघतं. भोपळा आणि त्याचे भाऊबंद शेजारच्या जातीशी सहज संकरित होतात, पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही. पाकिटावर एफ१ किंवा संकरित लिहिलेलं असेल, तर त्याचं बी धरू नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही.

टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुऊन वाळवा, वरचं बुळबुळीत आवरण निघून जातं. घेवड्याच्या शेंगा वेलीवरच खडखडीत होऊ द्या. पूर्ण वाळलेलं बी कागदी पाकिटात, नाव आणि वर्ष घालून, घट्ट डब्यात थंड जागी ठेवा. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत मरतं, टोमॅटोचं चार वर्षं सहज टिकतं. जुन्याबद्दल शंका असेल तर १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. सात रुजल्या तर उगवण ७० टक्के, थोडं दाट पेरा. दोनच रुजल्या तर नवं आणा.

१८. झाडं विकत न आणता बाग कशी वाढवू?

पुदिना आणि तुळशीच्या जातीची फांदी पानाच्या पेराखाली छाटून, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. दाट झालेले गड्डे दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळे करा. आणि अदलाबदल करा. शेजाऱ्याकडे जास्तीचं असतं ते तुमच्याकडे नसतं. फक्त नवं रोप दोन आठवडे बाजूला ठेवून बघा, फुकटच्या रोपाबरोबर मावा आणि पिठ्या ढेकूणही येतात.

१९. घर भाड्याचं आहे. मी कशावर खर्च करू?

जे काढून नेता येईल त्यावर. दिवे, नळाला लावायची जाळी, कमी पाण्याचा शॉवर, जाड पडदे, दाराखालच्या फटीची पट्टी, कुंड्या. जुने भाग जपून ठेवा आणि जाताना परत लावा. गळका नळ, फ्लश, गिझर मालकाला लेखी कळवा, मीटरच्या आकड्यासकट.

२०. कुठे अजिबात काटकसर करू नये?

विजेच्या वायरिंगमध्ये, गॅसच्या नळीत, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये, हेल्मेटमध्ये आणि औषधांत. फ्यूज उडतो म्हणून जाड तार लावणं, चिरलेल्या गॅसच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळणं, कुकरचा उडालेला व्हॉल्व्ह कशाने तरी बुजवणं, यातून वाचणारी रक्कम इतकी लहान आहे की मला हे लिहितानाही राग येतो. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला. तळून काळं पडलेलं तेल पुन्हा तापवू नका.

२१. सगळं केलं, तरी बिल कमी झालं नाही. का?

आधी रुपये बघू नका, युनिट बघा. दर वाढला असेल तर वापर कमी होऊनही रक्कम तेवढीच राहते. मग गेल्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, कारण ऋतू बदलला की वापर बदलतो. बिलात दिवस किती धरलेत आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजाने, तेही पाहा. घरात माणसं वाढली होती का? पाहुणे, सुट्टी, घरून काम, सगळं वहीत हवं.

हे सगळं जुळूनही युनिट उतरले नसतील, तर एक शक्यता उरते. नवा पंखा कमी वीज खातो म्हणून तो आता रात्रंदिवस चालू असतो, किंवा नवा फ्रिज आणला आणि जुना ‘असू दे’ म्हणत मागच्या खोलीत चालूच राहिला. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. त्या जुन्या फ्रिजचं दार उघडून आत काय आहे ते बघा. अर्धी बाटली सरबत आणि बर्फाचा एक ट्रे असेल, तर आजच त्याचा प्लग काढा, दार थोडं उघडं राहील असं अडकवून ठेवा, आणि उद्या सकाळी मीटरचा आकडा टिपा.